दहा कार्बन, एक ऑक्सिजन

काष्ठौषधीच्या दुकानातून तीन पुड्या बांधून आणा. एकीत कापूर, दुसरीत पुदिन्याचं फूल, तिसरीत ओव्याचं फूल. नावात फूल असलं तरी पाकळ्या शोधू नका. इथे फूल म्हणजे स्फटिक. पुदिन्याचं फूल काचेच्या सुयांसारखं असतं, ओव्याचं जाडसर खड्यांचं, आणि कापूर तर रोजच्या आरतीतला. तिन्ही सारख्या वजनाने एका कोरड्या काचेच्या बाटलीत टाका, बूच घट्ट लावा आणि बघत बसा.

पाणी घातलेलं नाही. चूल पेटवलेली नाही. तरी थोड्याच वेळात खड्यांच्या कडा ओलसर दिसू लागतात. बाटली हलवली की खडे काचेला चिकटून घसरतात, सुया बोथट होतात, तळाशी थेंब साचतो, थेंबाचं थारोळं होतं. आणखी थोडी हलवाहलव केली, की बाटलीत एकही खडा उरत नाही. तीन कोरड्या वस्तू एकत्र आल्या आणि पाण्यासारखा स्वच्छ द्रव झाला. हीच आपली अमृतधारा. पिढ्यान्‌पिढ्या घराघरात असलेली ती इवलीशी बाटली.

आता आकडे बघा आणि चक्रावून जा. पुदिन्याचं फूल वितळायला 42 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. ओव्याच्या फुलाला जवळपास 50. आणि कापराला 175 च्या वर! मग तुमच्या-माझ्या खोलीतल्या 28 अंशांत हे तिघं वितळले कसे?

वखारीतल्या विटांची थप्पी आठवा. सगळ्या विटा एका मापाच्या, म्हणून थप्पी उभी राहते. स्फटिक म्हणजे अशीच रेणूंची थप्पी. तिच्यात नारळ आणि वांगी मिसळून दिली तर? कुणालाच कुणाशी रचता येत नाही, सगळं घरंगळत राहतं. कापराचा रेणू चेंडूसारखा गोलसर, ओव्याच्या फुलाचा चपटा, पुदिन्याच्या फुलाचा खुर्चीसारखा वाकलेला. तिघांची मिळून थप्पी लागत नाही आणि घरंगळत राहणाऱ्या रेणूंनाच आपण द्रव म्हणतो.

ही करामत मी कितीदा तरी बघितली आहे आणि दर वेळी बाटली उजेडात धरून पुन्हा खडा शोधतो. पण याहून मोठं नवल त्या रेणूंच्या आत आहे. तिघांचे अणू मोजा. प्रत्येकात कार्बनचे अणू दहा. प्रत्येकात ऑक्सिजनचा अणू एक. फरक फक्त हायड्रोजनचा: ओव्याच्या फुलात 14, कापरात 16, पुदिन्याच्या फुलात 20. मधले 18 वाले कुठे गेले? ते गुलाबात आहेत, लव्हेंडरमध्ये आहेत, निलगिरीच्या तेलात आहेत, आणि तुमच्या मसाल्याच्या डब्यातल्या धण्यांतही आहेत.

म्हणजे जगातल्या सुगंधाचा एवढा मोठा पसारा एकाच मापाच्या सांगाड्यावर उभा आहे! हे उलगडलं ओटो वालाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. बॉनच्या प्रयोगशाळेतल्या एका कपाटात सुगंधी तेलांच्या बाटल्या कुणी हात न लावलेल्या पडून होत्या. त्या त्याने घेतल्या आणि एकेका तेलातले घटक वेगळे काढत गेला. नावं शंभर, पण घडण एकच, हे त्याने दाखवून दिलं. वनस्पती पाच कार्बनची एक वीट पाडते आणि दोन विटा जोडून दहाचा रेणू बनवते. 1910 साली या कामासाठी त्याला नोबेल मिळालं.

दहाच का? एक सोयीची बाजू अशी, की दहा कार्बनचा रेणू हवेत उडण्याइतका हलका असतो आणि पानात द्रव होऊन साठण्याइतका जड. याची खूण घरीच पटते. कागदावर एक थेंब खोबरेल तेलाचा टाका, शेजारी एक निलगिरीचा. उद्या सकाळी खोबरेलाचा डाग तसाच असेल. निलगिरीचा थेंब मात्र कागद सोडून निघून गेलेला असेल. ज्याला आपण सुगंधी तेल किंवा इसेन्शियल ऑइल म्हणतो, ते फोडणीच्या तेलाचं नात्यागोत्यातलंसुद्धा नाही.

आणि वनस्पती हा खटाटोप कुणासाठी करते? आपल्यासाठी मुळीच नाही. झाडाला पळता येत नाही, हात उगारता येत नाही. किडा आला, बुरशी चढली, शेळीने तोंड घातलं, तर त्याच्याकडे एकच शस्त्र आहे, रसायन. ओव्याच्या दाण्यातलं थायमॉल म्हणजेच ओव्याचं फूल, बुरशी आणि जिवाणूंच्या पेशींची आवरणं फाडतं. पुदिन्याचं पान भिंगाखाली धरा: पाठीमागच्या बाजूला इवले इवले चमकते फुगे दिसतात. तेल त्या फुग्यांत भरलेलं असतं. पानावर किडा चालला, की फुगा फुटतो. आपण चटणीसाठी पान चुरगाळतो तेव्हा तेच होतं. हल्ला झाला असं पानाला वाटतं, आणि आपल्याला वाटतं, वा, काय ताजा वास आहे!

अंगणातल्या गवती चहाचंही तसंच. उभ्या पातीजवळ नाक नेलं तर फारसं काही लागत नाही. पात कातरून चहाच्या आधणात टाकली, की घरभर लिंबू दरवळतं. त्यातल्या सिट्रालचे अणू मोजा: कार्बन दहा, हायड्रोजन 16, ऑक्सिजन एक. कापराइतकेच! त्याच कुळात आणखी एक गवत आहे, रोशा. त्याच्या तेलात जिरॅनिऑल असतं आणि त्याचा वास चक्क गुलाबाचा. सिट्रालमध्ये आणि त्याच्यात फरक किती? हायड्रोजनच्या दोन अणूंचा. दोन हायड्रोजन काढून घेतले की गुलाबाचं लिंबू होतं.

या रोशा गवताची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सातपुड्याच्या उतारांवर ते माणसाच्या उंचीएवढं वाढतं. गुरं ते इतकं आवडीने खातात, की त्यांच्या दुधाला आणि लोण्यालाही त्याचा वास येतो, असं दोनशे वर्षांपूर्वी विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदवून ठेवलं आहे. त्याचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. शेजारी शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळणं कठीण. पण मोतियाचं तेल गुलाबाकडे झुकतं आणि सोफियाचं आल्यासारखं तिखट लागतं. फरक सगळा नाकालाच कळतो.

एकोणिसाव्या शतकात खानदेशात, अक्राणी, तळोदे, शहादे, नंदुरबार, पिंपळनेर या भागांत हे रोशेल तेल मोठ्या प्रमाणावर काढलं जाई. ओढ्याकाठी भट्टी लावायची. कढईत गवत ठासून भरायचं, पाणी घालायचं, वर झाकण ठेवून फट कालवलेल्या पिठाने लिंपून टाकायची. झाकणातून पोकळ बांबू काढायचा आणि त्याचं दुसरं टोक वाहत्या ओढ्यात बुडवलेल्या भांड्यात सोडायचं. वाफ बांबूतून जाते, ओढ्याच्या गार पाण्याने भांड्यात तिचं पाणी होतं, आणि पाण्यावर सोनेरी तेल तरंगतं. सांधे धरले की ते चोळायचं, ही घरची वापरातली रीत. पण बरंचसं तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रातल्या बंदरांत जाई आणि तिथून तुर्कस्तानात. तिथे ते गुलाबाच्या तेलात मिसळलं जाई! किलोभर गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. त्यात वासाने गुलाबच असलेलं गवताचं तेल स्वस्तात मिळालं, तर मोह कुणाला आवरेल? युरोपात ते बराच काळ तुर्की जिरेनियम तेल म्हणून विकलं गेलं. खानदेशातलं आपलं गवत तिकडच्या अत्तराच्या कुप्यांत गुलाब म्हणून मिरवत होतं.

आता त्या ओढ्याकाठच्या कढईपाशी जरा थांबा. जिरॅनिऑल उकळतं 230 अंशांना. कढईतलं पाणी 100 अंशांच्या वर जात नाही. मग तेल वर आलंच कसं? वाफ गवतातून जाताना तेल झाडून नेते, असं सहज वाटतं. पण वाफ हा काही झाडू नव्हे. उकळणं म्हणजे द्रवातून निघालेल्या वाफेने डोक्यावरच्या हवेचा दाब उचलून धरणं. आता पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघंही आपापल्या परीने, दुसरा जणू नाहीच अशा थाटात, हवेला ढकलतात. दोघांच्या ढकलण्याची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की पुरे. पाणी जवळजवळ सगळा भार उचलतं, तेल नुसता हात लावतं. बेरीज 100 च्या किंचित आधीच पूर्ण होते आणि दोघं एकत्र उकळतात. 230 अंशांचा जड गडी पाण्याच्या खांद्यावर बसून 100 च्या आतच बांबूतून बाहेर पडतो, तोही करपल्याशिवाय. हे गणित कुणी मांडण्याच्या कितीतरी आधी माणसाच्या हाताला ते साधलेलं होतं.

थेंब बाटलीत आला. आता तो नाकात शिरतो.

वास म्हणजे काहीतरी अलवार, निराकार, असं आपल्याला वाटतं. तसं अजिबात नाही. ओव्याचा वास आला याचा अर्थ ओव्याचा खराखुरा कण, दहा कार्बनचा तो तुकडा, तुमच्या नाकाच्या छतावर जाऊन चिकटला. तिथे पोस्टाच्या तिकिटाएवढा एक ओलसर पट्टा आहे. त्यातल्या पेशींवर सुमारे 400 प्रकारची कुलपं आहेत. 1991 मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी त्यांची जनुकं शोधली आणि 2004 चं नोबेल मिळवलं. एक किल्ली एकच कुलूप उघडत नाही. एक रेणू काही कुलपं कमी, काही जास्त उघडतो आणि मेंदू तो सूर ओळखतो. पेटीच्या पट्ट्या मोजक्याच, पण राग किती?

कुलपं किती काटेकोर आहेत, बघायचंय? चटणीचा पुदिना घ्या आणि बाळंतशेपा घ्या. (चटणीचा पुदिना वेगळा आणि ज्याच्यापासून पुदिन्याचं फूल काढतात तो वेगळा, बरं का.) दोघांच्या वासात कार्व्होन आहे: कार्बन दहा, हायड्रोजन 14, ऑक्सिजन एक. अणू तेच, जोडणीही तीच. पण एक डाव्या पायाचा जोडा आणि दुसरा उजव्या पायाचा. आरशात बघितलं तर हुबेहूब, पण एकावर एक बसत नाहीत. प्रयोगशाळेतल्या साध्यासुध्या चाचण्यांना हा फरक कळत नाही. आणि आपलं नाक? एकाला पुदिना म्हणतं, दुसऱ्याला बाळंतशेपा. बाळंतशेपा हुंगून नाक मुरडणारं पोर पुदिन्याची चटणी मिटक्या मारत खातं, ते या डाव्या-उजव्याच्या जोरावर.

काही रेणू तर नाकाच्याही पुढे जाऊन सरळ शरीराला चकवतात. पुदिन्याचं फूल, म्हणजे मेंथॉल, कपाळाला लावलं की गार वाटतं. थर्मामीटर लावा, तिथली कातडी फारशी थंड झालेली नसते. मग गारवा आला कुठून? आपल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारी एक झडप आहे, टीआरपीएम8 नावाची. तापमान उतरलं की ती उघडते आणि मेंदूला निरोप जातो, गार आहे. मेंथॉल त्याच झडपेत बोट घालून ती उघडतं. निरोप तोच जातो. मेंदू बिचारा विश्वास ठेवतो. 2002 मध्ये ही झडप सापडली, डेव्हिड ज्युलियस आणि आर्देम पाटापुटियन या दोघांच्या स्वतंत्र प्रयोगशाळांना, आणि संवेदनांच्या झडपांवरच्या कामासाठी 2021 चं नोबेल त्यांना मिळालं.

सर्दीत बाम हुंगला की नाक मोकळं होतं, हा तुमचा-आमचा अनुभव. संशोधकांनी मेंथॉल हुंगवून नाकातून जाणारी हवा मोजली, तर ती वाढलेलीच नव्हती! नाक होतं तेवढंच चोंदलेलं. पण श्वास घेताना नाकाला लागणारा गारवा हीच हवा वाहते आहे याची मेंदूला खूण असते, आणि मेंथॉलने तीच पुरवली. मला यात फसवणूक दिसत नाही. रात्री दोन वाजता घुसमटलेल्या माणसाला मोकळं वाटलं आणि झोप लागली, तर तो खराच दिलासा आहे.

आणि मन शांत होतं, ते? डोळे आणि कान यांचे निरोप मेंदूत एका मधल्या ठाण्यावरून वाटले जातात. वासाची वाट वेगळी. नाकाच्या छतावरच्या पेशींचे धागे कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर चढतात आणि एकाच टप्प्यानंतर भीती, माया, आठवण सांभाळणाऱ्या भागांना जाऊन भिडतात. म्हणून वास ओळखण्याच्या आधीच पोटात काहीतरी हलतं.

लव्हेंडरची कीर्ती याच वाटेवरची. 1910 च्याच उन्हाळ्यात रने-मोरिस गॅटफॉसे हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजला. जखमा चिघळून त्यांत वायू धरू लागला, तेव्हा त्याने त्या लव्हेंडरच्या अर्काने धुतल्या आणि चिघळणं थांबलं, असं त्याने स्वतः लिहिलं आहे. पुढे त्यानेच अरोमाथेरपी हा शब्द घडवला आणि 1937 मध्ये त्याच नावाचं पुस्तक काढलं. एका माणसाचा एक अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. पण 2018 मध्ये जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठात उंदरांना लिनालूल हुंगवलं गेलं. लव्हेंडरमधला मुख्य रेणू तो, धण्यातलाही तोच. उंदरांची धास्ती कमी झाली आणि त्यांच्या चालण्या-पळण्यावर काही परिणाम झाला नाही. ज्या उंदरांची वास घेण्याची शक्ती काढून घेतली होती, त्यांच्यावर काहीच फरक पडला नाही. म्हणजे काम रक्तातून झालं नाही, नाकातून झालं. आणि चिंतेवरच्या काही गोळ्या मेंदूतल्या ज्या जागी बसतात ती जागा औषधाने अडवली, की लिनालूलचा परिणामही थांबला. नुसता वास घेतल्याने मेंदूतलीच तयार व्यवस्था जागी झाली!

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांतही लव्हेंडरच्या तेलाचे प्रयोग झाले आहेत. जर्मनीत अस्वस्थपणासाठी त्याच्या 80 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल मिळतात. पेपरमिंट तेलाचं काम त्याहून स्पष्ट आहे. सारखं पोट मुरडणाऱ्या आयबीएसच्या रुग्णांना ते आतड्यात जाऊनच विरघळेल अशा आवरणाच्या कॅप्सूलमधून देतात. तिथे मेंथॉल आतड्याच्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाही आणि कॅल्शियमशिवाय स्नायूला आवळता येत नाही. पीळ सुटतो. मात्र वासाने कर्करोग बरा होतो, मधुमेह पळतो, असं कुणी सांगितलं तर त्याच्या दुकानातून उठून या. या रेणूंचं जे खरं आहे तेच इतकं थक्क करणारं आहे, की त्यात खोट्याची भर कशाला?

आणि ही झाडांची शस्त्रं आहेत हे विसरून चालणार नाही. चार पानांच्या चहात जे असतं, ते बाटलीत कितीतरी पटींनी दाटून आलेलं असतं. लहान मुलाच्या पोटात कापूर किंवा निलगिरीचं तेल थोडंसं जरी गेलं तरी झटके येऊ शकतात, जीवावर बेतू शकतं. तान्ह्या बाळाच्या नाकापाशी मेंथॉल, कापूर नेऊच नये. त्याची श्वासाची वाट आवळू शकते. निवळ तेल कातडीवर चोळू नये, खोबरेलात थेंब-दोन थेंब मिसळून लावावं. घरात मांजर असेल तर दिवसभर डिफ्यूझर लावून ठेवू नये, तिच्या यकृताला हे रेणू नीट निस्तरता येत नाहीत. अमृतधारेची ती बाटलीही फळीवर, पोरांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी.

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी देत. बाळाच्या फुप्फुसांना धूर चांगला नाही, म्हणून डॉक्टर आता नको म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण ज्यांनी तो वास लहानपणी घेतला, त्यांना तव्यावर ओवा भाजून पुरचुंडी बांधताना एकदा विचारून बघा. साठीची बाई क्षणभर थांबते. बाजेखालची शेगडी, कुणाच्यातरी लुगड्याचा स्पर्श, भिंतीवरचा उजेड, सगळं येऊन उभं राहतं.

आणि नवल हे, की नाकातल्या ज्या पेशींनी तो वास पहिल्यांदा घेतला त्यातली एकही आज जिवंत नाही. त्या महिना-दोन महिन्यांत मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात. या बाईच्या नाकात साठ वर्षांत असे शेकडो फेरे झाले. पण प्रत्येक नवी पेशी आपला धागा चाळणीच्या हाडातून वर सोडते आणि तो धागा, हजारो गाठींच्या गर्दीतून वाट काढत, आपल्या जातीच्या नेमक्या त्याच गाठीपाशी जाऊन बसतो, जिथे आधीच्या पेशीचा धागा होता. ओव्याचा दाणा तव्यावर तडतडतो, दहा कार्बनचा एक कण उडतो, कालपरवा जन्मलेल्या एका पेशीला चिकटतो, आणि ती पेशी साठ वर्षांपूर्वीच्या खोलीचं दार उघडते.